पुन्हा पुन्हा चावी का तुटते? मोटर आणि पंपाचे शाफ्ट जोडण्याचा योग्य क्रम

डिसेंबर लागला की गोव्यातल्या सावईवेरे, केरी, प्रियोळ या बाजूने फोन यायला लागतात. पावसाळाभर बंद असलेला कुळागरातला (पोफळीच्या बागेतला) पंप पोफळींना पाणी सोडायला चालू केला आणि आठ-दहा दिवसांत, मोटर आणि पंपाचे फिरणारे दांडे (शाफ्ट) जोडणाऱ्या कपलिंगच्या रबराचा भुगा होऊन खाली पडला. कुठे शाफ्ट आणि कपलिंगला एकत्र फिरवणारी लोखंडी पट्टी, म्हणजे चावीच, कातरली गेली. मोटर फिरतेय आणि पंप जागच्या जागी. कुंडई-मडकईच्या कारखान्यांतही हेच. उपायही सगळीकडे एकच: नवं रबर आणायचं, नवी चावी हातोड्याने ठोकायची, स्विच दाबायचा. महिन्याभराने पुन्हा तेच.

फिटरकाम करताना मी अशा कितीतरी जोडण्या उघडल्या. बहुतेक ठिकाणी वस्तू वाईट नव्हती. ती मोजमाप न घेता बसवली होती, किंवा चुकीच्या क्रमाने बसवली होती. म्हणून हा लेख क्रमासाठी लिहितोय. उदाहरणाला नेहमी भेटणारी जोडी घेतो: १० एचपीची, १४४० आरपीएमची, १३२ एम फ्रेमची मोटर, तिचा शाफ्ट ३८ मिलिमीटर, पंपाचा शाफ्ट ३२ मिलिमीटर, मध्ये रबरी स्पायडरचं जॉ कपलिंग (दोन्ही शाफ्टवर एकेक दातेरी हब, आणि त्यांच्या दातांमध्ये स्पायडर नावाचं रबर). तुमची मापं वेगळी असतील, पण क्रम हाच राहील.

शब्दांचं आधी सांगतो. वर्कशॉपमध्ये ‘की’ आणि ‘कीवे’ म्हणतात. वाचताना गोंधळ नको म्हणून मी ‘चावी’ आणि ‘खाच’ लिहितो.

पीळ जातो कुठून

हा हिशोब एकदा केलात की पुढच्या अर्ध्या चुका आपोआप टळतील.

टॉर्क, म्हणजे शाफ्टवरचा पीळ, काढायचं सूत्र सोपं आहे: ९५५० ला किलोवॅटने गुणा आणि आरपीएमने भागा. १० एचपी म्हणजे ७.५ किलोवॅट. उत्तर येतं सुमारे ५० न्यूटन-मीटर. ३८ च्या शाफ्टची त्रिज्या १९ मिलिमीटर, म्हणजे चावीच्या बाजूवर साधारण २६०० न्यूटन जोर पडतो. किलोत सांगायचं तर २७० किलोंच्या आसपास. मोटर थेट स्टार्टरवर चालू होत असेल तर सुरुवातीच्या क्षणी तो दुप्पट किंवा त्याहूनही थोडा जास्त होतो.

आता चावी बघा. ३८ च्या शाफ्टला १० × ८ ची चावी लागते. त्यातली ५ मिलिमीटर उंची शाफ्टमध्ये बुडते आणि ३ हबमध्ये जाते. हबमध्ये ६० मिलिमीटर लांबी टेकते असं धरलं तर टेकणारी जागा १८० चौरस मिलिमीटर भरते. प्रत्येक चौरस मिलिमीटरवर जेमतेम १५ न्यूटन येतात. ईएन ८ पोलादाची साधी चावी याच्या कितीतरी पट सहज सोसते.

मग ती तुटते का? कारण ती १८० चौरस मिलिमीटरवर टेकलेलीच नसते. खाच तिरकी असली की चावी एका कडेवर टेकते. खाच रुंद असली की दर स्टार्टला चावी आधी मोकळी सरकते आणि मग आपटते. तो हिशोबातला शांत दाब उरत नाही, हातोड्याचा घाव होतो. चावी तुटली म्हणून जाडजूड, कडक लोखंडाची चावी घालणं हा उपाय नव्हे. कडक चावी टिकेल आणि शाफ्टची खाच फाटेल, आणि शाफ्ट चावीपेक्षा फार महाग असतो.

ध्यानात ठेवा: समांतर चावी बाजूंवर काम करते. तिच्या डोक्यावर फट असायलाच हवी. उंचीला घट्ट करून ठोकलेली चावी हबला एका अंगाला ढकलते आणि हब शाफ्टवर वाकडा बसतो. १:१०० उताराची, डोकं असलेली टेपर चावी वेगळी. ती वर-खाली घट्ट होऊनच काम करते. एकीच्या जागी दुसरी घालू नका.

तयारी

व्हर्निअर आणि मायक्रोमीटर, फीलर गेज, मॅग्नेटिक स्टँडसह डायल गेज, सरळ पट्टी, बारीक कानस, एमरी पेपर, तीन पायांचा पुलर, एम १२ चा लांब स्टड, नट आणि जाड वॉशर, स्टेनलेसच्या तयार शिम (मोटरच्या पायांखाली घालायच्या पातळ पट्ट्या). हे जवळ नसेल तर काम सुरू करू नका, आधी जमवा. अर्ध्या कामात ‘चालवून घेऊ’ म्हणायची वेळ येते, आणि तिथेच बिघाड पेरला जातो.

शिमसाठी तेलाच्या डब्याचा पत्रा कापू नका. आपल्या खाऱ्या, दमट हवेत तो पत्रा एका पावसाळ्यात गंजून फुगतो आणि मोटरचा पाय वर उचलतो. डिसेंबरातली जी अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही शाफ्टची एका रेषेतली जुळणी, ‘आपोआप बिघडली’ म्हणतात, तिच्या मुळाशी पुष्कळदा हाच पत्रा निघतो.

टप्पा १: वीज तोडा, पाणी रोखा, खुणा करा

मेन स्विच बंद करून फ्यूज काढा आणि ते स्वतःच्या खिशात ठेवा. कुळागरात स्टार्टर एकीकडे आणि पंप दुसरीकडे असतो. घरातलं कोणीतरी पाणी आलं नाही म्हणून बटण दाबतं. डिलिव्हरीचा व्हॉल्व्हही बंद करा, कारण वरच्या टाकीतलं पाणी उलटं आलं की पंप आणि शाफ्ट फिरू लागतात.

दोन्ही हबवर, मोटरच्या पायांवर आणि बेडवर सेंटर पंचने खुणा करा. कोणत्या पायाखाली किती शिम होत्या ते कागदावर लिहा.

टप्पा २: जुना हब काढा, आणि फेकण्याआधी वाचा

हब पुलरनेच काढायचा. मागून घण मारून काढलेला प्रत्येक हब मोटरच्या बेअरिंगला मार देतो. बेअरिंगमधल्या गोळ्यांचे ठसे तिच्या कड्यांवर (रेसवर) उठतात आणि दोन महिन्यांनी ‘बेअरिंग खराब निघालं’ अशी तक्रार येते. हब निघत नसेल तर ग्रब स्क्रू (हबमधून शाफ्टवर आवळलेला बिनडोक्याचा स्क्रू) खरंच काढलाय का ते पाहा. एकाखाली दुसरा स्क्रू दडलेला असतो आणि माणूस तासभर पुलरशी झुंजत बसतो. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या.

निघालेल्या हबवर काय दिसतं ते नीट पाहा, कारण आजार तिथे लिहिलेला असतो.

बोअरमध्ये, म्हणजे हबच्या भोकात, तांबूस-लाल पावडर असेल तर हब शाफ्टवर बारीक हलत होता; फिट ढिली आहे. चावीच्या बाजूला पायरी पडली असेल तर ती सैल होती. चावी एकाच टोकाला दबली असेल तर खाच शाफ्टशी समांतर नाही. चावी धडधाकट आणि फक्त रबर गेलं असेल तर चावीच्या नादी लागू नका, दोष अलाइनमेंटमध्ये शोधा.

टप्पा ३: शाफ्ट मोजा

शाफ्ट एमरीने पुसून घ्या. खाचेच्या कडेवर चढलेला बर (उचललेली धातूची कड) फक्त कानसीने उतरवा. मग मायक्रोमीटरने तीन जागी मोजा: खांद्याजवळ, मध्ये, टोकाला, आणि प्रत्येक जागी आडवं-उभं. मोटर बनवणारे या आकाराचा शाफ्ट ३८.००२ ते ३८.०१८ मिलिमीटरमध्ये ठेवतात. माप ३८.००० च्या खाली गेलं असेल तर शाफ्ट झिजलाय.

झिजलेल्या शाफ्टवर सेंटर पंचचे ठिपके मारून तो ‘जाड’ करायची पद्धत आपल्याकडे फार चालते. करू नका. हब त्या ठिपक्यांच्या टोकांवर टेकतो, टोकं महिन्याभरात दबतात आणि हब पुन्हा ढिला होतो, तेही आता मध्यबिंदू सोडून. खाचेवर वेल्डिंग भरणं त्याहून वाईट. उष्णतेने शाफ्ट वाकतो, आणि खाचेचा कोपरा आधीच ताण साठण्याची जागा असल्याने तिथून तडा सुरू होतो.

खाच फाटली असेल तर दोन बरे रस्ते आहेत. नवी खाच शाफ्टच्या बरोबर विरुद्ध बाजूला काढायची. किंवा जुनी खाच साफ होईल इतकीच रुंद करून पायरीची चावी बनवून घ्यायची, खालचा भाग रुंद आणि वरचा मूळ मापाचा. चावीच्या शेजारी पत्र्याची पट्टी सारणं हा रस्ता नव्हे. ती पट्टी पहिल्याच आठवड्यात बाहेर येते.

चावीची मापं शाफ्टच्या व्यासावर ठरलेली आहेत. २२ च्या वर ३० पर्यंत ८ × ७. ३० च्या वर ३८ पर्यंत १० × ८. ३८ च्या वर ४४ पर्यंत १२ × ८. ४४ च्या वर ५० पर्यंत १४ × ९. आपल्या उदाहरणात ३८ आणि ३२ दोन्ही एकाच गटात पडतात, म्हणून दोन्हीकडे १० × ८.

तपासणी: चावी खाचेत ठेवून शाफ्टच्या खालच्या बाजूपासून चावीच्या डोक्यापर्यंत व्हर्निअरने मोजा. ३८ च्या शाफ्टवर ४१ मिलिमीटर भरलं पाहिजे. जास्त भरत असेल तर खाचेच्या तळाशी घाण आहे किंवा चावी चुकीची आहे.

टप्पा ४: लेथवाल्याला चिठ्ठी द्या

नवं कपलिंग पायलट बोअरवर येतं, म्हणजे मध्ये लहान भोक असतं आणि आपल्या मापाने मोठं करून घ्यायचं असतं. ‘अडतीसचा कर’ एवढंच सांगून हब लेथवर टाकून येणं ही सगळ्यात महाग चूक. कारागीर चांगला असला तरी तुमच्या मनातली फिट त्याला कशी कळणार? चिठ्ठीवर हे लिहा:

मोटरकडचा हब: बोअर ३८.००० ते ३८.०२५. खाच १० रुंद, सोबत दिलेल्या चावीला बाजूंनी बसती. खाचेच्या तळापासून समोरच्या भिंतीपर्यंत ४१.३. ग्रब स्क्रू खाचेच्या डोक्यावर.

पंपाकडचा हब: बोअर ३२.००० ते ३२.०२५. खाच तशीच. तळापासून समोरच्या भिंतीपर्यंत ३५.३.

दोन्ही हब: आधी बाहेरच्या मशिनिंग केलेल्या घेरावर डायल लावून सेंटर करायचं, मगच बोअर काढायचा. तोंड त्याच पकडीत मारायचं.

शेवटची ओळ सोडू नका. बिडाच्या खडबडीत कडेला धरून काढलेला बोअर मध्यावर येत नाही, आणि मग तुम्ही कितीही अलाइनमेंट करा, हब डुगडुगतच राहतो.

आता ४१ आणि ४१.३ शेजारी ठेवून पाहा. चावीच्या डोक्यावर ०.३ मिलिमीटर फट राहते. मघाशी म्हटलेली फट ती हीच.

हब हातात आला की तिथेच मोजा. चावी हबच्या खाचेत अंगठ्याने दाबून सरकवा. डुलली तर खाच रुंद झाली आहे, हब परत करा. खाच कानसीने ‘जरा मोकळी’ केलेली दिसली तरी परत करा. त्या कानसीने दोन बाजूंची समांतरता गेलेली असते.

टप्पा ५: आधी चावी, मग हब

चावी शाफ्टच्या खाचेत बसवा. लाकडी किंवा पितळी हातोड्याच्या हलक्या ठोक्यांनी ती तळापर्यंत गेली पाहिजे. बोटांनी पडली तर सैल, घण लागला तर जास्त घट्ट. घट्ट असेल तर चावीच्या बाजू बारीक कानसीवर घासून उतरवा. शाफ्टची खाच मोठी करू नका. चावी पुन्हा बनवता येते. चावीच्या खालच्या कडा किंचित मारून घ्या, म्हणजे खाचेच्या कोपऱ्यातल्या गोलाईवर ती चढून बसणार नाही.

काही जण हब आधी चढवतात आणि चावी बाहेरून ठोकत आत घालतात. टेपर चावीचं ठीक. समांतर चावी अशी ठोकली की तिचं टोक फुगतं, मध्येच अडकते, आणि आत किती गेली ते कोणालाच दिसत नाही.

चावीची लांबीही मोजा. मोटरच्या शाफ्टच्या टोकाला ‘एच’ अक्षर कोरलेलं असलं तर रोटरचा, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाचा, तोल अर्ध्या चावीसह साधलेला आहे. अशा वेळी हब आखूड आणि चावी लांब असली तर हबबाहेर उरलेला, शाफ्टच्या वर डोकावणारा भाग कापून टाकावा. १४४० आरपीएमला लहान पंपात हे फार जाणवत नाही, पण २९०० ला थरथर स्पष्ट कळते.

टप्पा ६: फिरण्याची दिशा, आणि मगच हब

मोटर मोकळी आहे तोवर दिशा बघून घ्या. मोटर बेडवर मागे सरकवून पक्की आवळा, चावी काढून ठेवा, आणि क्षणभर स्विच देऊन पंपावरच्या बाणाशी ताडून पाहा. चावी शाफ्टवर तशीच ठेवून मोटर कधीही चालू करू नका. ती गोळीसारखी सुटते. उलट फिरत असेल तर दोन फेज बदलून घ्या. जोडल्यावर दिशा तपासणारे लोक मी पाहिलेत, आणि आट्यांवर बसलेला इंपेलर उलट फिरून सुटलेलाही पाहिलाय. पुन्हा फ्यूज काढा आणि चावी परत खाचेत बसवा.

आता हब. शाफ्टच्या टोकाला मध्यभागी आटे असलेलं भोक असतं. ३८ च्या शाफ्टला ते एम १२ चं. त्यात स्टड घाला, हब चावीवर नेमका धरा, जाड वॉशर आणि नट लावून सावकाश ओढा. हब स्वतःहून सरळ चढतो आणि बेअरिंगला एकही ठोका बसत नाही.

फिट घट्ट असेल तर हब तापवा. ३८ चा बोअर १०० अंशांनी तापला की साधारण ०.०४५ मिलिमीटर फुगतो. आपली सगळ्यात घट्ट फिट ०.०१८ ची, म्हणजे एवढं पुष्कळ झालं. तेलात किंवा हॉट प्लेटवर १२० अंशांपर्यंत तापवा, त्याहून जास्त नको. रबर आधी काढून ठेवा. गॅसची ज्योत एकाच जागी धरली तर बोअर अंड्यासारखा फुगतो, शिवाय बिडाला तडा जाऊ शकतो. गरम हब चढवताना थांबायचं नाही. हातमोजे घाला आणि कुठपर्यंत ढकलायचा ती खूण शाफ्टवर आधीच करून ठेवा. अर्ध्यावर अडकून थंड झालेला हब पुलरनेच काढावा लागतो, दुसरा मार्ग नाही.

ग्रब स्क्रू शेवटी आवळा. तो हब पुढे-मागे सरकू नये एवढ्यासाठीच असतो. पीळ त्याने नेऊ नये. चावी नसताना नुसत्या ग्रब स्क्रूवर चालवलेला हब शाफ्टवर चर पाडतो.

टेपर शाफ्ट असेल तर: ट्रॉलरच्या पंख्याचं उदाहरण

थोडं बाजूला जाऊन सांगतो, कारण हीच चूक मालीम आणि कुटबणच्या जेटीवर फार महागात पडते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा ट्रॉलर ओढून पंख्याची कामं निघतात. पंख्याचा शाफ्ट टोकाला निमुळता असतो. तिथे पिळाचा मोठा भाग टेपरच्या पकडीतून जातो, चावी सोबतीला असते. ती जरा उंच झाली की पंखा टेपरवर टेकण्याऐवजी चावीवर टेकतो. वरून नट कितीही आवळा, पकड येत नाही.

म्हणून आधी चावीशिवाय पंखा टेपरवर दाबून बसवा आणि तो कुठवर आला तिथे शाफ्टवर रेघ मारा. मग पंखा काढून चावी घाला आणि पुन्हा बसवा. तो त्याच रेघेपर्यंत आला पाहिजे. अलीकडेच थांबला तर चावीचं डोकं उतरवा. टेपरला निळा रंग अगदी पातळ लावून टेक पाहा. निदान ७० टक्के भागावर, आणि जाड बाजूकडे नक्की, रंग उमटला पाहिजे. टेपरवर ग्रीस नको. कोरडा आणि स्वच्छ हवा.

आणि इंजिनाची अलाइनमेंट होडी जमिनीवर असताना पक्की करू नका. पाण्यात उतरल्यावर सांगाडा आपला आकार थोडा बदलतो. होडी तरंगती ठेवून एक दिवस जाऊ द्या, मग गिअरबॉक्सचा आणि शाफ्टचा फ्लँज जवळ आणून चारी बाजूंची फट फीलरने मोजा. फ्लँजच्या दर इंच व्यासाला एक थाऊपेक्षा (इंचाच्या हजाराव्या भागापेक्षा) जास्त फरक नको. तांडेल (होडीचा प्रमुख) समुद्रावर जायच्या घाईत असतो हे मला ठाऊक आहे, पण हा एक दिवस मागून घ्या.

टप्पा ७: लंगडा पाय आणि ओढणारा पाइप

अलाइनमेंटला हात घालण्याआधीच्या या दोन तपासण्या जवळपास कोणीच करत नाही. म्हणून शिम घालत-काढत अख्खी दुपार जाते आणि आकडे जुळत नाहीत.

बेड आणि मोटरचे पाय खरडून साफ करा. चारही बोल्ट आवळा. मग डायल गेज एका पायावर लावून फक्त त्याच पायाचा बोल्ट सैल करा. काटा ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर तो पाय लंगडा आहे. हलला तेवढी शिम त्याच्याखाली घाला, बोल्ट पुन्हा आवळा, आणि पुढच्या पायाकडे जा. एका पायाखाली तीन-चारपेक्षा जास्त पातळ शिम साचवू नका, त्या स्प्रिंगसारख्या दबतात. त्याऐवजी एक जाड घ्या.

मग पाइप. कपलिंगवर डायल लावून ठेवा आणि सक्शन-डिलिव्हरीचे फ्लँज बोल्ट आवळत जा. काटा ०.०५ च्या वर हलला तर पाइप पंपाला ओढतोय. पाइपला आधार देऊन किंवा तो पुन्हा कापून जोडून हा ताण काढलाच पाहिजे. कुळागरात लांब लोखंडी पाइप पंपाच्याच जिवावर लोंबकळत ठेवलेला असतो. चिऱ्याचे दोन खांब बांधून त्यावर टेकवला तरी काम होतं.

टप्पा ८: अलाइनमेंट

‘रबर आहे ना मध्ये, ते सांभाळून घेईल.’ हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलंय. रबर धक्का पचवायला असतं. वाकडेपणा ते काही काळ सोसतं, पण दर फेऱ्याला दाबलं आणि सोडलं जातं. १४४० आरपीएमला मिनिटाला तितक्या वेळा. ते तापतं आणि फुटतं. ते फुटेपर्यंत दोन्हीकडच्या बेअरिंगवर आडवा भार पडत राहतो, तो वेगळाच.

पंप स्थिर ठेवायचा आणि मोटर हलवायची. सरळ पट्टी आणि फीलरने आधी ढोबळ जुळवून घ्या. हबमधली फट कपलिंगवाल्याने दिलेल्या मापाची ठेवा. हब एकमेकांना चिकटवून बसवले तर शाफ्ट गरम होऊन लांबल्यावर बेअरिंगवर ढकल येते.

आधी कोन. हबमधली फट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे मोजा. समजा १०० मिलिमीटर व्यासावर वरची फट खालच्यापेक्षा ०.१० ने जास्त आहे. या मोटरच्या पुढच्या आणि मागच्या पायांतलं अंतर १७८ मिलिमीटर. ०.१० भागिले १०० गुणिले १७८, म्हणजे सुमारे ०.१८. वरची फट मोठी असेल तर मागच्या दोन्ही पायांखाली ०.१८ ची शिम वाढवा. खालची मोठी असेल तर तेवढी काढा.

मग उंची. डायलचा स्टँड मोटरच्या हबवर आणि टोक पंपाच्या हबच्या घेरावर ठेवा. वर शून्य करा आणि दोन्ही शाफ्ट एकत्र हाताने फिरवा. दोन्ही सोबत फिरले की हबचा गोलपणा थोडा चुकलेला असला तरी मापात येत नाही. समजा खाली +०.४० दिसलं. खरा फरक त्याच्या निम्मा, म्हणजे ०.२०, आणि अधिक चिन्हाचा अर्थ मोटर वर आहे. चारही पायांखालून ०.२० काढा. निम्मं करायला विसरून ०.४० काढणारे पुष्कळ. मग मोटर तितकीच खाली जाते आणि माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

क्रम उलटा केलात, आधी उंची आणि मग कोन, तर कोनासाठी मागचे पाय उचलताना पुढचा हब खाली जातो आणि जुळवलेली उंची बिघडते.

तपासणी: वर शून्य असताना डावं आणि उजवं माप मिळवा. बेरीज खालच्या मापाइतकी आली पाहिजे. येत नसेल तर स्टँड हलतोय किंवा काटा अडकतोय. त्या आकड्यांवर शिम घालू नका.

शेवटी डावं-उजवं. मोटरच्या बाजूला जॅकिंग बोल्ट असतील तर त्यांनी सरकवा, नसतील तर बेडवर चार नट वेल्ड करून घ्या. घणाने सरकवलेली मोटर हव्या त्या जागी थांबत नाही. १४४० आरपीएमला फरक ०.०५ मिलिमीटरच्या आत आणायचा प्रयत्न करा, ०.१० च्या वर सोडून उठू नका. बोल्ट पूर्ण आवळल्यावर पुन्हा एकदा सगळी मापं घ्या, कारण आवळताना मोटर सरकतेच.

टप्पा ९: रबर, गार्ड, पहिला दिवस

रबर आता, सगळ्यात शेवटी, नवं घाला. मोटर मागे घ्यावी लागली तर शिम जिथल्या तिथे ठेवून पुन्हा मापं तपासा. जुनं रबर नखाने दाबून पाहा. नख रुतत नसेल, कडेला चिरा असतील, तर ते पावसाळ्यात कडक झालंय. शाफ्ट हाताने दोन फेरे फिरवा. कुठेही अडकता कामा नये. जाळीचा गार्ड बसवा. लुंगीचं किंवा साडीचं टोक कपलिंगमध्ये जायला क्षणही लागत नाही. गार्ड नसताना पंप चालू करून देणार नाही, असं मी मालकाला आधीच सांगून टाकतो.

पहिला एक तास शेजारी थांबा. बेअरिंगवर हात ठेवून पाहा, आवाज ऐका. दुसऱ्या दिवशी वीज तोडून पायांचे बोल्ट आणि ग्रब स्क्रू पुन्हा आवळा. नव्या शिम पहिल्या दिवसात दबतात.

मग आठवड्याने कपलिंगखालची जमीन पाहा. आधी पांढरा कागद अंथरून ठेवला तर आणखी चांगलं. काळा भुगा पडला असेल तर रबर खाल्लं जातंय, टप्पा ७ आणि ८ पुन्हा करा. हबच्या तोंडाशी लाल पावडर दिसली तर फिट हलतेय, टप्पा ३ वर परत जा. कागद कोरा असेल तर महिन्याने एकदा पाहिलं की पुरे.

मे महिना संपताना पंप बंद करण्यापूर्वी शाफ्टच्या उघड्या भागावर आणि हबच्या तोंडांवर ग्रीसचा हात फिरवा. जून ते नोव्हेंबर दर आठवड्याला शाफ्ट हाताने फेरा-दीड फेरा फिरवून दुसऱ्या जागी थांबवा. स्पायडर काढून घरात कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवला तर डिसेंबरात तोच पुन्हा वापरता येतो.